उत्तर पुढच्या गाडीला

अंबडच्या बसस्टँडवर एक काळ असा होता की गाडी फलाटाला लागली तरी काही लोक बाकावरून उठत नसत. त्यांचं उत्तर यायचं बाकी असायचं.

"लक्ष द्या," भोंग्यातून आवाज यायचा, "वडीगोद्रीकडं जाणारी गाडी फलाट दोनवर लागून राह्यली. जल्दी करू नका, बसायला जागा हाय. तोवर एक सवाल. मधमाशीला डोळे किती? घनसावंगीची गाडी लागली की उत्तर."

मग घनसावंगीची गाडी येईपर्यंत स्टँडवर वाद चालायचा. शेंगावाली म्हणायची दोन, कंडक्टर म्हणायचा चार, बाजाराला आलेला कुणी म्हातारा म्हणायचा, आपुन मोजले न्हाईत बाबा. गाडी लागली की भोंगा पुन्हा खरखरायचा. "मधमाशीला पाच डोळे. दोन मोठे, तीन बारीक. चला, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव, बसून घ्या."

भोंग्यामागचा माणूस म्हणजे आमचे कंट्रोलर, गाड्यांच्या वेळा आणि फलाट सांभाळणारे. खाकी कपडे, मेंदी लावलेली दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कंडक्टर लोक त्यांना साहेब म्हणत, मी चाचा म्हणायची. पासच्या खिडकीवर माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा त्यांच्याच खोलीत मला टेबल मिळालं. त्यांचं तोंड फलाटाकडे, माझं शाळा-कॉलेजच्या पोरींच्या रांगेकडे. टेबलं एकमेकांना इतकी लागून की त्यांच्या चहाचे थेंब माझ्या रजिस्टरवर पडत.

सवाल ते जुन्या लॉगशीटच्या पाठीमागे लिहीत आणि सुई-दोऱ्यानं शिवून त्याच्या वह्या करत. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय कुठलाही सवाल भोंग्यावर जात नसे. तरी एकदा चुकले. पेंग्विन उत्तर ध्रुवाकडचा, असं सांगून बसले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका बाईंनी खिडकीशी येऊन हळूच चूक दाखवली. चाचांनी पुढचे तीन दिवस प्रत्येक गाडीच्या घोषणेआधी माफी मागितली. "पेंग्विन दक्षिणेकडचा हाय. परवा मी चुकीचं बोललो."

"चाचा, एकदा सांगितलं की पुरे झालं," मी वैतागून म्हटलं.

"परवाचे लोक आज येतीलच असं थोडंच हाय? ज्यानं चुकीचं ऐकलं त्याच्यापर्यंत बराबर जायला पायजे."

कुणी चुकीचं उत्तर दिलं तर ते 'चूक' कधी म्हणत नसत. "जवळ आलात," म्हणत. उत्तर कितीही लांबचं असलं तरी जवळ आलात. आणि समोरासमोर एखाद्याला विचारायचंच झालं तर त्याच्या कामाचंच विचारत. मेंढरं घेऊन चाललेल्या माणसाला लोकरीचं, भाजीवालीला भाजीचं. एकदा कॉलेजातल्या एका पोरानं ऐट दाखवत एका म्हातारीला कुठल्याशा देशाची राजधानी विचारली, तेव्हा चाचा खुर्चीतून उठून बाहेर गेले.

"तिला येत न्हाई हे तुला माहीत होतं ना? मंग तो सवाल नव्हता. तो धक्का होता," एवढंच त्याला म्हणाले आणि परत येऊन बसले. मला ते जरा जास्तच वाटलं. त्याचं कारण मला पुढे कळलं.

एका दुपारी पावसानं रस्ता बंद होता, गाड्या अडकलेल्या, स्टँड रिकामं. चाचा आपणहून बोलले. त्यांची एकुलती एक लेक. सातवीत असताना शाळेतून डबा द्यायला स्टँडवर आली होती. चाचा तेव्हा नवे नवे कंट्रोलर झालेले, भोंग्याचं कौतुक होतं. भरल्या स्टँडसमोर त्यांनी घोषणा केली, "आता माझी लेक उत्तर देईल. महाराष्ट्रातली सगळ्यात लांब नदी कोणती?" आणि माइक तिच्यापुढे धरला. तिचं आजोळ शहागडचं, अगदी गोदावरीच्या काठावरचं. पोर भांबावली. "दुधना," म्हणाली, आमच्याकडची बारकी नदी. सगळं स्टँड हसलं.

"मी पण हसलो, बेटा," चाचा म्हणाले. "मी हसलो न्हाई असं सांगता आलं असतं तुला. पण हसलो."

त्या दिवसानंतर लेकीनं त्यांच्या एकाही सवालाला तोंडानं उत्तर दिलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. अब्बांना चहा देई, औषध देई, सलाम करी. पण 'जेवलीस का' म्हटलं तर मान हलवायची. 'पेपर कसा गेला' म्हटलं तर आईकडे बघून आईला सांगायची. लग्न होऊन परभणीला गेली तरी तसंच. फोन आईला.

"लोकांना तो किस्सा आठवतो," चाचा म्हणाले. "पुढचं कुणाला माहीत न्हाई. तुला सांगितलं. तुझ्याजवळच ठेव."

मी हो म्हटलं.

टीव्हीवर संध्याकाळी लागणारा प्रश्नांचा एक कार्यक्रम तेव्हा घरोघरी बघत. चाचाही बघायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे त्यावर कुरकुर करायचे. "सवाल चांगले असतात. पण ते घड्याळ कशाला? ते ढोल कशाला? उत्तर बराबर असलं तरी मिनिटभर रडकुंडीला आणतात माणसाला. हे काही सवाल विचारणं न्हाई."

मी वाद घालायची. म्हणायची, लोक आपल्या मर्जीनं जातात, कुणी हात धरून नेत नाही. बक्षीस मिळतं, नाव होतं. यात अन्याय कसला? चाचा म्हणायचे, "मर्जीनं जातात हे बराबर. पण कशाला चाललो हे जाणाऱ्याला कुठं माहीत असतं?"

तरीही माझ्या डोक्यातून ते जाईना. माझ्या ओळखीत इतकं जाणणारा माणूस दुसरा नव्हता. नोंदणी सुरू झाली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढून बसायची आणि सहज विचारल्यासारखं त्यांना एकेक प्रश्न विचारायची. त्यांनी सांगितलेलं उत्तर त्यांच्या नावानं पाठवून द्यायची. संपर्काला नंबर माझा दिला होता.

निवडीचा फोन आला तेव्हा चाचा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. घोषणासुद्धा कोरड्या केल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. चाची चुलीपाशी बसल्या होत्या.

"जाओ ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "परभणीला रोज बघती ती हा कार्यक्रम. तुम्ही दिसले तर बघंल."

चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "रोज बघती?"

"रोज."

म्हणजे बक्षिसासाठी किंवा माझ्या आग्रहासाठी ते गेले नाहीत. लेक बघेल म्हणून गेले.

त्यानंतर कार्यक्रमाच्या ऑफिसातून एक बाई मला वरचेवर फोन करू लागली. गोड बोलायची. मला 'ताई' म्हणायची. त्यांचा दिनक्रम काय, आवडनिवड काय, सगळं विचारायची. मग एक दिवस म्हणाली, "ताई, काकांचं ज्ञान छानच आहे. पण ज्ञान असलेले खूप जण येतात हो आमच्याकडे. आयुष्यात काही संघर्ष? काही दुःख? काकांना विचारलं तर म्हणाले, बस वेळेवर येतात, दुःख काही नाही. असं असेल तर निवड पक्की होणं जरा कठीण दिसतंय."

मी सांगून टाकलं. दुधना नदी सांगितली, स्टँडचं हसणं सांगितलं, आणि त्यानंतर लेक कधी उत्तर देत नाही, हेही सांगितलं. तिनं लेकीचा नंबर मागितला. मी चाचांच्या टेबलावरच्या वहीतून बघून दिला. बाप-लेक जवळ येतील असं मनात होतं, हे खोटं नाही. पण मुंबईची एक बाई माझं बोलणं लिहून घेतेय, मध्येच 'अरे बापरे' म्हणतेय, हे मला आवडत होतं, हेही खोटं नाही.

चित्रीकरणाला चाचांसोबत चाची आणि मी, अशा दोघी गेलो. सकाळी नऊपासून आम्हाला बसवून ठेवलं. प्रेक्षकांनी कधी टाळ्या वाजवायच्या, कधी श्वास रोखल्यासारखं करायचं, हे एक पोरगी पुढे उभी राहून शिकवत होती. चाचांना खाकी गणवेशच घालायला लावला. सुरुवातीला त्यांच्या हातात माइक देऊन म्हणाले, स्टँडवर करता तशी घोषणा करा. ती त्यांच्याकडून तीनदा करून घेतली. तिन्ही वेळा चाचांनी मनापासून केली. त्याआधी त्यांनी बरेच कागद सही करून दिले होते. कागद इंग्रजीत होते आणि सगळ्यांनाच घाई होती. एरवी दोन पुस्तकं पाहिल्याशिवाय ज्यांचं समाधान होत नसे, त्या माणसानं ते न वाचता सही केली.

पहिले आठ सवाल चाचांनी असे सोडवले की सूत्रसंचालकसुद्धा खुर्चीत सरसावून बसला. एकाला मात्र पर्याय कमी करायची सवलत वापरावी लागली. नववा सवाल आला. यांपैकी कोणत्या वाद्याला तारा नसतात? पर्याय व्हायोला, चेलो, ओबो, हार्प. चाचांनी ही नावंही कधी ऐकली नव्हती. पडद्यावर आकडे उलटे धावू लागले, ढोल वाजू लागला.

"तुमच्याकडे एक सवलत शिल्लक आहे, काका," सूत्रसंचालक म्हणाला. "घरच्यांची मदत. आणि आज घरचं कोण आलंय, बघायचं?"

घड्याळ थांबलं. एका बाजूचा पडदा सरकला आणि उजेडात चाचांची लेक उभी होती. अंगावर निळी ओढणी, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरलेली. माझ्या शेजारी चाचींच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मग सूत्रसंचालकानं, हसऱ्या पण जड आवाजात, ती सगळी गोष्ट लोकांना सांगितली. सातवीतली मुलगी, भरलं स्टँड, दुधना. इतकी वर्षं लेकीनं वडिलांना एकही उत्तर दिलेलं नाही. प्रेक्षकांना रडायची खूण झाली. "आज ती उत्तर देणार आहे," तो म्हणाला. "साऱ्या महाराष्ट्रासमोर. काका, विचारा तिला. पंचेचाळीस सेकंद."

चाचा उभे राहिले. ते लेकीच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघितलं. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"हिला विचारू नका," चाचा म्हणाले.

"अहो काका, नियमच तसा आहे. तुम्ही विचारायचं, तिनं सांगायचं."

"न्हाई. मी एकदा असा सवाल विचारला होता. लोकांसमोर. तो सवाल नव्हता, साहेब. पुन्हा न्हाई विचारणार. मी खेळ सोडतो."

"विचार करा, काका. तिला कदाचित उत्तर येत असेल."

"येत असंल. पण हितं न्हाई."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे त्या पुढे उभ्या पोरीला कळेना. चाचा माइक काढून ठेवत खाली उतरले आणि लेकीला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले. चाची आणि मी मागोमाग गेलो. बाहेर अरुंद बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"जेवलीस का?" चाचांनी विचारलं.

लेकीनं घट्ट धरलेली पर्स एका खुर्चीवर ठेवली. "न्हाई अजून," ती म्हणाली.

चाचींनी ओढणीत तोंड लपवलं. चाचा डब्याची पिशवी शोधू लागले आणि ती त्यांना सापडेना. ती माझ्याच हातात होती. तिथे कॅमेरा नव्हता.

पुढच्या महिन्यात कार्यक्रम लागला. स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीपुढे गर्दी झाली होती, कंडक्टर मंडळींनी पेढे आणले होते. घोषणा दिसली, आठ उत्तरं भराभर दिसली. मग लेक आली, दुधनेची गोष्ट आली. नंतर चाचांचा चेहरा दाखवला आणि आवाज आला, "हिला विचारू नका. मी खेळ सोडतो." मधलं सगळं कापलं होतं. लगेच लेकीचं तोंड मोठं करून दाखवलं, सारंगी वाजली, आणि सूत्रसंचालक कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "काही वडिलांना आपल्या लेकीवर भरवसा ठेवायला अजून वेळ लागेल."

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

तो तुकडा मोबाइलवरून गावोगाव फिरला. बाजाराच्या दिवशी वडीगोद्रीची एक बाई खिडकीशी येऊन चाचांना फडाफडा बोलली. "भरल्या सभेत लेकीची बेइज्जत केली. पोटची हाय ना ती?" कॉलेजची पोरं लांबून ओरडायची, "चाचा, भरवसा न्हाई का?" परभणीला लेकीच्या सासरीही शेजारपाजारचे विचारायला लागले, तुझे अब्बा असे कसे गं.

मी कार्यक्रमाच्या ऑफिसातल्या त्या बाईला फोन केला. ती पहिल्यासारखीच गोड होती. "ताई, वेळ मर्यादित असते. सगळंच दाखवता येत नाही. आणि काकांनी संमती दिलेली आहे." दुसऱ्यांदा केला तेव्हा तिनं उचलला नाही.

"चाचा, तुम्ही भोंग्यावरून सांगा ना खरं काय झालं ते," मी म्हटलं. "पेंग्विनचं तीन दिवस सांगितलं होतं तुम्ही."

"ती माझी चूक होती, बेटा. माझी चूक मला दुरुस्त करता येते." जरा थांबून ते म्हणाले, "सवाल इमानदार होते त्यांचे. एकही खोटा न्हाई. उत्तरं बी बराबर. सवालाच्या बाजूचं सगळं खोटं. पण त्याला कुठलं पुस्तक लावून बघणार?"

त्यानंतर भोंग्यावरून फक्त गाड्याच आल्या. फलाट अमुक, गाडी तमुक, सावकाश चढा. सुरुवातीला लोक वर भोंग्याकडे बघून थांबायचे. पुढे थांबेनासे झाले. वह्या त्यांनी कपाटात ठेवून दिल्या. मी पासच्या खिडकीवर बसून दोन वर्षं तो कोरडा आवाज ऐकला. मधूनमधून ते माझ्याकडे वळत, काही बोलणार असं वाटे, मग चहा मागवत. लेक आता महिन्याला यायची, स्टँडवर उतरली की खिडकीशी येऊन अब्बांशी दोन शब्द बोलायची, हे मी बघत होते. ते बघून मला वाटे, चांगलंच झालं की मग. मी काय केलं ते चाचांना सांगायची गरजच काय.

चाचा निवृत्त झाले. माझी बदली जालन्याला झाली. अधूनमधून फोन करायचं ठरवलं होतं, तो दिवाळी-ईदेला होऊ लागला. ते गेल्याचं मला आठवड्यानं कळलं.

मी अंबडला गेले तेव्हा दार लेकीनं उघडलं. चाची आत झोपल्या होत्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती एकदम म्हणाली, "मला त्या सवालाचं उत्तर येत नव्हतं. त्या वाद्याच्या. लोक म्हणत होते, पोरीला येत असेल, बापानं विचारलंच न्हाई. मला येत नव्हतं. अब्बांनी विचारलं असतं तर मी तिथं पडले असते."

"मग तू लोकांना सांगितलं का नाहीस?"

"सासरी सांगितलं. त्यांना वाटलं बापाला झाकून राह्यली."

मला आता बोलणं भाग होतं. "तुझा नंबर मी दिला होता त्यांना. आणि ते सगळं, तू उत्तर देत नाहीस ते, मीच सांगितलं होतं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "त्या बाईनं पहिल्याच फोनवर तुमचं नाव घेतलं होतं."

"चाचांना?"

"अब्बांना तर तिथंच कळलं. त्यांनी ते तुम्हालाच सांगितलं होतं ना." ती रागावलेली नव्हती. समोरच्या चटईची सुटलेली काडी आत सारत होती. "अम्मी चिडली होती तुमच्यावर. अब्बा म्हणाले, काही बोलू नका तिला. ती सांगंल आपणहून. आज न्हाई तर उद्या सांगंल. रोज संध्याकाळी घरी आले की अम्मी विचारायची, बोलली का? ते म्हणायचे, न्हाई अजून."

आत चाची जाग्या झाल्या होत्या. कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. लेकीनं माझं नाव सांगितलं. आतून काही उत्तर आलं नाही.